देवकाबाईंचं टाकं

देवकाबाईंचे किस्से मी आजवर पुष्कळांना सांगितले आहेत. लग्नाच्या मांडवात, बसस्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर. त्यांच्या बोलण्याची नक्कल मला बऱ्यापैकी जमते, लोक हसतात. पण कोणी विचारलं, "मग त्या टाक्याचं काय झालं?" की मी पाणी प्यायला उठतो, नाहीतर चष्मा शोधायला लागतो. बरीच वर्षं हे असंच चाललं. माझ्या बायकोला, मालतीला, सगळं ठाऊक होतं. ती होती तोवर वाटायचं, निदान एका माणसाजवळ तरी ही गोष्ट खरी आहे तशी आहे. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. आता एकटा मी उरलो. माझं वय बघता ही गोष्ट माझ्याबरोबरच जायची, आणि तसं होणं बरोबर नाही. म्हणून लिहितो.

माझी नोकरी आलापल्लीच्या लाकूड डेपोत गेली. सागाच्या नगांची मापं घ्यायची, हातोडीचा छाप मारायचा. मी सांगितलेलं माप व्यापारी पुन्हा मोजत नसत. याचा मला अभिमान होता, आणि तो मी निवृत्त होताना डेपोत ठेवून आलो नाही, बरोबर घेऊन आलो. सिंदेवाहीत एक घर विकायला होतं. बांधणारानं नुकतंच दुरुस्त केलेलं, गुळगुळीत टाइल्सची न्हाणी, नळ्या सगळ्या भिंतीच्या आत दडवलेल्या. मालती बघायला आली तेव्हा तिनं घर कमी आणि शेजार जास्त पाहिला.

"भिंतीला लागून मासोळीचं टाकं आहे," ती म्हणाली.

"आपण मासोळी खात नाही का?"

"खाणं वेगळं, वास घेत झोपणं वेगळं."

मी घर घेतलं. निवडलं मी, म्हणून ते चांगलं असणं मला भाग होतं.

आम्ही सामान लावत होतो त्या सकाळी दारात एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई उभी राहिली. नऊवारीचा काचा मारलेला, हातात प्लास्टिकची बादली, गालात तंबाखू. बादलीत एक काळा वागूर मासा मिशा हलवत होता.

"नवीन घरात जिता जीव आधी आला पायजे," त्या म्हणाल्या. "मी देवकाबाई. हे टाकं माह्यं. वास आला तं सांगजा. जानार तं नाई, पन सांगजा."

तो गुरुवार होता. मालतीला त्या दिवशी मासा शिजवता येईना, पुढं जिता मारवेना, आणि परतही देता येईना. तो वागूर दोन-तीन दिवस आमच्या नव्या न्हाणीत बादलीत राहिला आणि आम्ही त्याला खेटून अंघोळी केल्या. शेवटी मालतीनंच बादली उचलली आणि परत नेऊन दिली. देवकाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "मले वाटलं, पाव्हना म्हनून ठेवून घेतला!"

अशी आमची ओळख.

देवकाबाई ढिवर. नवरा बुधाजी तलावावर जाळं टाकायचा, त्या विकायच्या. बुधाजी आम्ही येण्याच्या आधीच गेलेला होता. पुढं तलावावरची पोरं पहाटे मासे आणून देत आणि त्या ते टाक्यात सोडत. त्यांचा धंदाच जित्या मासोळीचा. बाजारात मेलेला मासा संध्याकाळपर्यंत पडेल त्या भावात द्यावा लागतो. टाक्यातल्या माशाला घाई नसते. गिऱ्हाईक दारात यायचं आणि देवकाबाई ओट्यावर बसूनच विकायच्या. त्यांचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. मुलगी सुमन तळोधीकडच्या एका खेड्यात दिलेली. जावई दर दिवाळीला म्हणायचा, आमच्याकडे चला. "टाकं घेऊन येऊ का?" असं त्या विचारायच्या, आणि विषय संपायचा.

मासा मागायला आलेल्या माणसाची त्या आधी चौकशी करायच्या. कोणासाठी पाहिजे? बाळंतिणीसाठी असेल तर स्वतः हात घालून निवडायच्या आणि भाव करू द्यायच्या नाहीत, म्हणजे आपणच कमी सांगायच्या. तापातून उठलेल्यासाठी वागूर, पाहुण्यांसाठी मरळ. एकदा एक गाडीवाले गृहस्थ नाकाला रुमाल लावून घासाघीस करायला लागले. देवकाबाईंनी हातातली मरळ परत टाक्यात सोडली. "साहेब, तुमी टीव्हीतली मासोळी खा. तिले वास नसते."

टाक्यात एक जुनी, भली मोठी मरळ होती, ती त्यांनी कधीच विकली नाही. तिचं नाव तहसीलदार. "नुस्ता खाते, बुडाशी बसून राह्यते, काम काई नाई. पन त्याच्याबिना टाक्याले वजन नाई." एकदा खरंच तहसील कचेरीतले एक बाबू मासे घ्यायला आले आणि देवकाबाईंनी हाक मारली, "तहसीलदार, सरक तिकडं, लोकायले दिसू दे!" बाबू दचकून मागे बघायला लागले.

पण त्यांच्या बोलण्यात सगळ्यांत जास्त वेळा यायचा तो बुधाजी, आणि बुधाजीचं टाकं. ते त्यानं स्वतः बांधलं होतं. विटा स्वतः रचल्या, सिमेंट स्वतः कालवलं, गिलावा सुकताना गोणपाट टाकून पाणी शिंपडत त्याच्या उशाशी बसून राहिला. "माह्या बाळंतपनात नाई बसला एवढा," त्या म्हणायच्या. दारू प्यायचा, पैसा टिकू द्यायचा नाही, सासूसमोर तोंड उघडायचा नाही. नवरा म्हणून त्याच्याबद्दल सांगण्यासारखं त्यांच्याजवळ फारसं नव्हतं. पण टाकं पक्कं होतं. भर मे महिन्यात पाणी दोन बोटं उतरलं तर त्या येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या, "हे ऊन पेलं. टाक्यातून एक थेंब नाई गेला. बुधाजीनं माह्यासाठी एक काम केलं, पन पक्कं केलं." पितृपक्षात लोक पितरांचं पान कौलावर ठेवतात. त्या बुधाजीचं पान टाक्याच्या काठावर ठेवायच्या.

मालतीला एका पावसाळ्यात तापानं धरलं. देवकाबाई दिवसातून दोनदा रस्सा घेऊन यायच्या. आमच्या घरात मागच्या दारानं स्वयंपाकघरात जायला देवघरातून जवळची वाट होती, पण त्या कधी देवघरात पाऊल टाकत नसत. सबंध घराला वळसा घालून यायच्या. मालती म्हणाली, "अहो, या ना इकडून." तर म्हणाल्या, "माह्या हाताले मासोळीचा वास, बाई. देव काई म्हनत नाई, पन मलेच बरं नाई वाटत." मालतीच्या तळपायाला कांशाची वाटी घासत त्या ओसरीवर तासन्‌तास बसायच्या. आमची पोरं तेव्हा पुण्याला होती. फोनवर चौकशी करत होती.

हे सगळं सांगून मग पुढचं सांगायचं, म्हणजे ते सोपं होत नाही.

त्याच पावसाळ्यानंतर देवघराच्या भिंतीला ओल आली. भिंत बाहेरच्या अंगाची. तिच्या पलीकडे टाकं, आणि अलीकडे कोपऱ्याला न्हाणी. पहिल्यांदा हातभर डाग होता. मग चुन्याचे पापुद्रे सुटले, देवांच्या चौरंगामागे हिरवट बुरा धरला, तसबिरीच्या काचेच्या आतून घाम आला. पाऊस थांबला तरी डाग वाढतच होता. पावसाळा नव्हता, म्हणजे पाणी कुठून तरी रोज येत होतं.

दिवाळीला माझा मेहुणा आला. भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "भाऊजी, सागाचं माप कधी चुकलं नाही तुमचं. घराचं चुकलं वाटते?"

मालती हसली नाही, आणि ते मला जास्त लागलं.

मी शोध सुरू केला. न्हाणीच्या मोरीला चिंध्यांचा बोळा मारून जमिनीवर पाणी भरलं, रात्रभर ठेवलं. सकाळी पाणी तसंच होतं. न्हाणी निर्दोष, असं मी जाहीर केलं. उरलं कोण? टाकं. नळी भिंतीच्या आतून जाते, ती जमिनीवर पाणी भरून कशी कळणार, हा विचार मला सुचला नाही. खरं म्हणजे सुचायला नको होता. टाकं दोषी असलं तर घर चांगलं होतं, आणि घर निवडणारा मीही.

देवकाबाईंना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. खदखदून हसल्या.

"बुधाजीचं टाकं? गळून राह्यलं? भाऊ, तुमाले ताप आला का?"

पण मी गल्लीत सांगत सुटलो. दुकानदार गजाननला सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं. महिनाभरात गल्लीत दोन पक्ष झाले. गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं, "टाकं फुटलं म्हणते?" हे त्यांच्या जिव्हारी लागलं. एका सकाळी त्या आमच्या फाटकात उभ्या राहिल्या. तंबाखू गालात नव्हती, त्यावरून मी ओळखलं की काम गंभीर आहे.

"भाऊ, पान्याले रस्ता इचारा लागत नाई. ते जिथून येते तिथून येते. मंग आपन भांडून काऊन राह्यलो? मी टाक्यात हळद टाकतो. भरपूर. हळदीनं मासोळीले काई होत नाई, उलटं जखम भरते. पानी माह्या टाक्याचं असंल तं तुमची भिंत पिवळी होईन. पिवळी झाली तं टाकं मी माह्या हातानं फोडतो."

"आणि नाही झाली तर?"

"तं तुमी गल्लीत सांगा का बुधाजीचं टाकं पक्कं हाये. बस."

दुसरं काही मागितलं नाही.

त्यांच्या समाजात तंट्याचा निकाल पाच माणसं बसवून होतो, लिहापढी नसते. त्यांनी हळद टाकली. टाकं केशरी दुधासारखं दिसायला लागलं आणि तहसीलदार त्यात सोन्याचा झाला. आठवडा गेला. मग रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर पाच जण बसले, त्यांच्यातले दोन म्हातारे, गजानन दुकानदार, गिरणीवाला आणि एक शिंपी. चहा झाला. एक म्हातारा म्हणाला, चला, भिंत पाहू. देवकाबाईंनीच त्याला अडवलं.

"देवाच्या खोलीत आपन काऊन घुसा? भाऊ जातीन, पाहून सांगतीन. भाऊनं जिंदगीभर मापं सांगितली. त्यायच्या शब्दावर लाखाचं लाकूड गेलं. मले त्यायचा शब्द चालते."

मी आत गेलो. बॅटरी घेऊन भिंतीसमोर बसलो. भिंत कालच्यासारखीच होती. डागाच्या कडेला जुनाट पिवळट झाक होती, ओल्या चुन्याला येते तशी, पहिल्या दिवसापासूनची. हळदीचा रंग मला माहीत आहे. तो तिथं नव्हता.

मालती माझ्या मागे उभी होती. बाहेरून हसण्याचा आवाज येत होता. देवकाबाई काहीतरी सांगत होत्या आणि म्हातारे हसत होते.

"काय?" मालती म्हणाली.

मी म्हणालो, "पिवळं दिसतंय."

"ते तर आधीपासून आहे ना?"

"आता जास्त आहे."

तिनं माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि विझवली.

मी खोटं बोलतोय असं तेव्हा मला वाटलं नाही, हे मला इथं लिहायलाच पाहिजे, कारण यात माझी सुटका नाही, उलट आहे. पाणी टाक्याचंच आहे याची मला खात्री होती. हळद भिंतीत गाळली गेली असेल, फडक्यातून गाळावी तशी. पाणी पुढं आलं, रंग मागं राहिला. म्हणजे निकाल खराच, फक्त पुरावा थोडा कमी पडला, तो मी भरून काढतोय. डेपोत मी कधी असं केलं नव्हतं. एक इंचही कधी वाढवला नव्हता. तिथं चूक झाली तर नोकरी गेली असती. इथं माझं काय जाणार होतं?

बाहेर येऊन मी उभ्या उभ्या सांगितलं, "पिवळं आलंय, बाई."

देवकाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ऐकलं ते आत पोचेपर्यंत ते तिथंच राहिलं. मग त्यांनी टाक्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "सब्बल आना कोनी."

मी म्हणालो, आजच कशाला, सावकाश. त्या म्हणाल्या, "पाच जनाइसमोर बोलली मी." मासे त्यांनी गल्लीत वाटून टाकले. आमच्याकडेही एक मरळ आली. तहसीलदाराला घागरीत घातलं आणि डोक्यावर घेऊन स्वतः तलावापर्यंत गेल्या. सोडताना म्हणाल्या, "जाय बाप्पा. तुही बदली झाली." लोक हसले. तोच किस्सा मी पुढं सगळीकडे सांगितला, इथपर्यंतच.

पहिला घाव त्यांनी घातला. टाकं फुटेना. गडी बोलवावे लागले. लोखंडी सब्बल आपटायची आणि नुसता टवका उडायचा. गजानन बघत उभा होता. तो म्हणाला, "बाई, एवढं पक्कं टाकं, हे गळते कसं?"

"भाऊनं पाह्यलं ना," देवकाबाई म्हणाल्या.

मी तिथंच होतो. संध्याकाळपर्यंत टाक्याच्या जागी विटांचा ढीग झाला. विटा आतून कोरड्या होत्या. मी त्या पाहिल्या, आणि घरात गेलो.

भिंत सुकली नाही. मी म्हणत राहिलो, मुरलेलं पाणी आहे, वेळ लागेल. थंडी सरली. एके दुपारी न्हाणीतला आरसा हलायला लागला म्हणून मी त्याचा स्क्रू घट्ट करायला गेलो. तो गंजला होता. काढून नवा लावावा म्हणून फिरवला, तर तो निघाला आणि त्याच्यामागून पाण्याची धार थेट माझ्या तोंडावर आली.

आरसा मीच लावला होता. घर घेतलं त्या पहिल्याच आठवड्यात, मुलानं दिलेल्या ड्रिल मशीननं, मोठ्या हौसेनं. भोक सरळ भिंतीतल्या नळीत गेलं होतं आणि स्क्रूनं ते जेमतेम बुजवून धरलं होतं. स्क्रू गंजत गेला तसं इतके महिने पाणी त्याच्या कडेनं झिरपत, टाइल्सच्या मागून उतरत देवघराच्या भिंतीत जात होतं.

मी काय केलं? स्क्रू परत आत दाबला. ओल्या अंगानं पाटावर बसलो. मालतीनं आवाज ऐकून दार ढकललं, भिंतीवरचे ओघळ पाहिले, माझ्याकडे पाहिलं. तिला समजावून सांगायची गरज पडली नाही.

"जा," ती म्हणाली. "सांगून या."

"जातो. आधी हे दुरुस्त तर करू."

दुरुस्ती मी देवकाबाई लेकीकडे एका लग्नाला गेल्या होत्या तेव्हा केली. चंद्रपूरहून माणूस बोलावला, गावातला नको म्हणून. त्यानं टाइल फोडून भोक दाखवलं. "हा स्क्रू कोणी मारला?" मी म्हणालो, "आधीच्या मालकानं."

महिन्याभरात भिंत खडखडीत वाळली. चुना मारला. देवकाबाई परत आल्या तेव्हा त्यांनी फाटकातूनच विचारलं, "भिंत सुकली का भाऊ?"

"सुकली, बाई."

"झालं तं मंग. बरं केलं फोडलं. इतक्या दिवस तुमाले तरास झाला." आणि वर म्हणाल्या, "माफ करजा."

त्या मला असं म्हणाल्या. मी "असू द्या, असू द्या" म्हणालो.

त्यानंतर त्या टोपली घेऊन बाजारात बसायला लागल्या. बर्फाच्या पाण्यात हात, उन्हात गुडघे मुडपून. संध्याकाळी उरलेलं पडेल त्या भावात. आम्ही त्यांच्याकडूनच मासे घेत होतो, गरजेपेक्षा जास्त. मालती ते शिजवायची आणि स्वतः खायची नाही. पण बाजारात बसण्यापेक्षाही दुसरी एक गोष्ट बघवत नव्हती. बुधाजी बदलला. आधी त्याचं नाव निघालं की टाकं निघायचं. आता टाक्याचं नाव निघालं की त्या बुधाजीला शिव्या घालायच्या. "बाता मारे नुस्त्या! पक्कं बांधलं म्हने! मी येडी, जिंदगीभर लोकायले सांगत राह्यली. दारूच्या नशेत कालवलं असंन सिमेट." हसत हसत बोलायच्या. ऐकणारे हसायचे. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही आणि त्याच्या बाजूनं बोलू शकेल असा गल्लीत एकच माणूस होता.

त्या वर्षी पितृपक्षात त्यांनी बुधाजीचं पान ठेवलं नाही. मालतीनं विचारलं तर म्हणाल्या, "काऊन ठेवू? आनि ठेवू कुठी?"

मालती घरी येऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी उठलो, चप्पल घातली, फाटकापर्यंत गेलो. देवकाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात हलवला. मी हात हलवला, आणि जणू फाटकाची कडीच बघायला आलो होतो तशी ती बघून परत फिरलो. दुपारी मालतीनं आमच्या कुंपणाच्या भिंतीवर, टाकं होतं त्या बाजूला, केळीच्या पानावर वरण-भात, वडे आणि मासळीचं कालवण ठेवलं. कोणासाठी, मी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गुडघ्यांनी पार जवाब दिला आणि देवकाबाई सुमनकडे गेल्या. जाताना ऑटोत पुढच्या सीटवर बसल्या, ड्रायव्हरला सरकवून. मागं वळून ओरडल्या, "बाई, भाऊले संभाळजा! एकटे राह्यले तं भिंतीसंग भांडतीन!"

मालती गेली तेव्हा त्यांना कळवलं होतं, पण त्यांना येववलं नाही. थंडीच्या दिवसांत मीच गेलो. बसमधून जाताना वाक्य ठरवलं होतं, पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिलं होतं. सुमनचं घर तलावाच्या पाळीखाली. अंगणात देवकाबाई बाजेवर होत्या, अंगावर घोंगडी, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. मी फाटकात खाकरलो आणि त्यांनी ओळखलं.

"भाऊ! या, या. सुमन, पाट टाक. आमचे आलापल्लीवाले भाऊ आले."

मालतीसाठी त्या रडल्या. माझा हात धरून बराच वेळ रडल्या. मग जेवायला बसवलं. झिंग्यांचं कालवण होतं. अंगणाच्या कडेला विटा रचून ठेवलेल्या, वाळूचा ढीग, सिमेंटची पोती. मी विचारलं, काय बांधताय?

जावई सासूकडे बोट दाखवत म्हणाला, "मासोळीचं टाकं बांधून राह्यलो, काका. धंदा वाढवाचा हाये. मामी जशी जिती विके, तसं."

वाक्य माझ्या तोंडाशी आलं. याहून चांगली वेळ कोणी मला आणून दिली नसती. मी घास खाली ठेवला. "बाई," मी म्हणालो, "त्या टाक्याचं..."

"हो ना!" देवकाबाई म्हणाल्या आणि जावयाकडे वळल्या. "भाऊले इचार. त्यायनं पाह्यलं हाये. बाबू, बांधशील तं चांगल्या मिस्त्रीच्या हातून बांध. माह्या बुड्ढ्यासारखं नोको. त्यानं बांधलं आनि शेजाऱ्याची भिंत बुडवली."

सगळे हसले. सुमन हसली, जावई हसला, देवकाबाई तर खोकेपर्यंत हसल्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, आणि मग मीही हसलो.

मला बसपर्यंत पोचवायला त्या काठी टेकत पाळीवरच्या रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर आल्या, सुमन नको म्हणत असताना. आम्ही दोघंच होतो. वाटेत त्या मध्येमध्ये थांबायच्या, दम घ्यायच्या, दरवेळी मला वाटायचं, आता. त्या तलावात यंदा सोडलेल्या मासोळीच्या बीजाबद्दल बोलत राहिल्या. बस दिसली तेव्हा त्यांनी माझ्या पिशवीत वाळलेल्या झिंग्यांची पुडी कोंबली. "एकट्याले शिजवाले सोपं जाते," म्हणाल्या. बस निघाली तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, ज्या बाजूला मी बसलो नव्हतो त्या खिडक्यांना हात हलवत. मोतीबिंदूमुळे त्यांना मी दिसत नव्हतो.

होळीच्या आधी सुमनचा फोन आला. सगळं झालं होतं, मातीही झाली होती. मी विचारलं, शेवटी काही म्हणाल्या का? ती म्हणाली, "नाई काका, झोपेतच."

वाक्य मोठं नव्हतं. त्या दिवशी पाळीवर बस येईपर्यंत शंभरदा म्हणून झालं असतं. बाई, तुमचं टाकं गळत नव्हतं. बुधाजीनं पक्कं बांधलं होतं. भिंत पिवळी झाली नव्हती, मी खोटं सांगितलं. त्याला शिव्या देऊ नका, मला द्या.